बेसिनखालचा कॉक आणि सासूबाईंचा उजवा हात

सोमवारी मी कामावर परत रुजू होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याआधी आमच्या बेसिनखालचा कॉक बदलला गेला पाहिजे, नाहीतर मी रुजू होणार नाही, हे मात्र फक्त मला ठाऊक होतं. मी ते नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. आमच्या घरात ही गंभीर घटना समजली जाते.

"एका कॉकसाठी नोकरी सोडणार तू?"

"सोडणार नाही. जाणार नाही."

यातला फरक त्याला कळला नाही. मलाही नीट कळला नव्हता, पण मी तो ठामपणे सांगितला.

आमची इमारत माझ्यापेक्षा वयाने मोठी. पाण्याचे पाइप लोखंडी, मूळचेच, आणि इतक्या वेळा रंगवलेले की आत लोखंड उरलंय की रंगाचे पापुद्रेच एकमेकांचा हात धरून उभे आहेत, असा मला नेहमी प्रश्न पडतो. गच्चीवरच्या टाकीतून एक जाड पाइप खाली उतरतो. प्रत्येक मजल्यावर त्याला फाटे फुटतात, आणि फाटा ज्या जागी घरात शिरतो त्या जागी एक पितळी कॉक असतो. घरातला नळ बिघडला तर हा कॉक बंद करायचा, म्हणजे इमारतीचं पाणी चालू राहतं आणि आपलं तेवढं थांबतं. योजना उत्तम होती. फक्त कित्येक वर्षांत तो कॉक कोणी फिरवूनच पाहिला नव्हता.

मी फिरवून पाहिला. मी सगळंच पाहते. गॅसची नळी, खिडकीचे गज, कपाटाचे पाय, सगळं दर आठवड्याला तपासते. त्याचं कारण आमची लेक. ती सव्वा वर्षाची आहे आणि तिला आम्ही इन्स्पेक्टर म्हणतो, कारण ती घरातलं प्रत्येक कपाट उघडून आतल्या मालाचा पंचनामा करते. अलीकडे ती मोरीतला नळ धरून उभी राहायला शिकली होती. तो नळ हलत होता. तुटला तर पाणी बंद करायला कॉक हवा, आणि कॉक जागचा हलत नव्हता. आणि सोमवारपासून दिवसभर घरात दोघीच असणार होत्या: इन्स्पेक्टर आणि सासूबाई.

सासूबाईंबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. त्या आमच्याकडे खास नातीसाठी राहायला आल्या होत्या. पण त्यांचे गुडघे उठताना आणि बसताना वेगवेगळे आवाज काढतात, चष्मा कपाळावर ठेवून त्या चष्मा शोधतात, आणि कुठलीही गोष्ट घाईने केलेली मी त्यांना पाहिलेलं नाही. दारावरची बेल वाजली तर त्या आधी "आले" म्हणतात, मग हातातलं काम संपवतात, मग उठतात. तोवर आलेला माणूस बहुधा शेजाऱ्यांकडे जाऊन पाणी पिऊन आलेला असतो.

म्हणून मी त्यांचा सराव घेत होते. रोज दुपारी, इन्स्पेक्टर झोपली की.

"आई, समजा मोरीतला नळ तुटला. तुम्ही काय कराल?"

"कॉक बंद करीन."

"कॉक बंद झाला नाही तर?"

त्यांनी जरा विचार केला. "मग हात लावीन."

"हात लावून किती वेळ बसणार, आई?"

"कोणी येईपर्यंत," त्या म्हणाल्या, आणि शेंगा सोलायला लागल्या.

या उत्तराने माझी झोप उडाली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, उत्तर बरोबर आहे की. मला तेव्हाच दिसलं की या घरात जबाबदार माणूस मी एकटीच आहे.

तरी नवऱ्याने मनावर घेतलं. त्याने मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली. तिच्यातला माणूस गंजलेल्या कॉकवर दोन थेंब तेल सोडतो, हसतो, आणि कॉक लोण्यासारखा फिरतो. नवऱ्याने तेल सोडलं. हसलासुद्धा. मग पाना लावून जोर केला, आणि कॉकची मूठ त्याच्या हातात आली. कॉक होता तिथेच राहिला. आता मात्र तो निश्चितच बदलावा लागणार होता, त्यामुळे माझी बाजू बळकट झाली, असं मी म्हटलं. नवरा मुठीकडे बघत राहिला.

बातमी जिन्यातून खाली गेली आणि सल्ले वर आले. समोरच्या दारातले काका म्हणाले, जुन्या लोखंडाला हात लावू नये. का, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या सांगण्यात एवढं वजन होतं की कारण विचारणं असभ्य वाटलं असतं. त्यांच्या घरचा कॉकही फिरत नाही, पण त्यांनी तो कधी फिरवलेला नसल्यामुळे तो चांगला आहे, असं त्यांचं मत. तळमजल्यावरच्या शिट्टीकाकू म्हणाल्या की हात लावायचाच असेल तर शनिवारी सकाळी लाव, तेव्हा इमारतीत माणसं असतात. शिट्टीकाकू शाळेत खेळाच्या बाई होत्या. निवृत्त होताना शाळेने त्यांना घड्याळ दिलं आणि त्यांनी शाळेची शिट्टी घेतली, असं म्हणतात. ती त्यांच्या गळ्यात असते. मुलं जिन्यात धावली की वाजते. मोठी माणसं जिन्यात धावली तरी वाजते.

मग सेक्रेटरी. ते इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी आहेत, आणि पूर्वी कुठल्याशा मोठ्या कचेरीत होते. त्यांच्या परवानगीशिवाय इमारतीचं पाणी बंद करता येत नाही. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी मला बसवलं आणि विचारलं, कॉक कोणाचा?

मी म्हटलं, आमचाच.

ते म्हणाले, तसं नसतं. भिंतीच्या आतला पाइप इमारतीचा, भिंतीच्या बाहेरचा राहणाऱ्यांचा. मग ते स्वतः पाहायला आले. बेसिनखाली वाकले, टॉर्च मारला, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. कॉक नेमका भिंतीच्या तोंडावर होता. अर्धा गिलाव्यात, अर्धा बाहेर. अशी वस्तू नियमात बसत नाही, असं त्यांनी बेसिनखालूनच सांगितलं. आतल्या अर्ध्याला कमिटीची मंजुरी लागेल आणि बाहेरचा अर्धा मी केव्हाही बदलू शकते.

नवऱ्याने विचारलं, बाहेरचा अर्धा आज बदलून घेऊ का? सेक्रेटरींना विनोद चालत नाहीत. शेवटी मी इन्स्पेक्टरला कडेवर घेऊन त्यांच्या दारात रोज उभी राहायला लागले. ती त्यांच्या चपला एकेक करून जिन्यावरून खाली सोडायची. तिसऱ्या दिवशी मंजुरी मिळाली. अट एवढीच की काम सुरू करण्याआधी गच्चीवरचा मोठा व्हॉल्व्ह बंद करायचा, म्हणजे इमारतीचं पाणी थांबेल, आणि पाणी दोन तासांच्या आत परत सोडायचं.

शनिवारी प्लंबर आला. हसतमुख माणूस. त्याच्या एका कानाला कायम फोन असतो आणि दोन वाक्यांच्या मध्ये तो "टेन्शन नाही" म्हणतो. हे फोनवरच्या माणसाला असतं की आपल्याला, ते कळत नाही, पण दोघांनाही बरं वाटतं. त्याने बेसिनखाली नजर टाकली, गच्चीवर जाऊन व्हॉल्व्हचं चाक फिरवलं, खाली आला, नळ उघडून पाहिला. नळातून बारीक धार येत होती. पाइपात उरलेलं पाणी असणार, तो म्हणाला. टेन्शन नाही.

मला होतं. मी विचारलं, ही धार संपेपर्यंत थांबायचं का? त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. माझ्याकडे लोक असेच पाहतात, त्यामुळे मी टॉर्च धरला. पुढे जे झालं त्यात माझा तेवढा दोष धरता येईल की मी टॉर्च स्थिर धरला नाही.

त्याने पाना लावला. कॉक हलला नाही. त्याने पान्याच्या दांड्यात दुसरा पाइप घातला आणि सगळं वजन टाकलं. कुठेतरी खोल, भिंतीच्या पोटात, म्हाताऱ्या माणसाची दाढ उपटल्यासारखा आवाज झाला. कॉक निघाला. एकटा निघाला नाही, पाइपाचं तोंडही घेऊन आला. आणि भिंतीतल्या भोकातून पाणी सरळ माझ्या तोंडावर आलं.

अशा प्रसंगाची मी महिनाभर तयारी केलेली होती. मी काय केलं? मी ओरडले, "कॉक बंद करा!"

प्लंबरने हातातला कॉक पाहिला. पाणी त्याच्या कानातून फोनवर उतरत होतं. "ताई," तो म्हणाला, "हा तर हातात आलाय."

नवरा धावत आला आणि त्याने भोकाला बादली लावली. पाणी आडवं येत होतं आणि बादलीला तोंड वर असतं, ही अडचण त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. मी टॉवेल आणायला वळले तर हातात टॉर्च, टॉर्च ठेवायला गेले तर खाली पाणी, आणि पाण्यात इन्स्पेक्टर. ती टाळ्या वाजवत होती.

"आले," असा आवाज आला.

सासूबाई आल्या. घाईने नाही. वाटेत त्यांनी दोरीवरून इन्स्पेक्टरचं एक जाड दुपटं काढलं, चालता चालता त्याची चौपदरी घडी घातली, पायाने स्टूल बेसिनपाशी सरकवलं, आणि गुडघ्यांचे दोन्ही आवाज काढत त्यावर बसल्या. मग दुपट्याची घडी भोकावर ठेवली आणि तिच्यावर उजवा तळहात दाबला.

पाणी थांबलं. कडेने जे झिरपत होतं ते त्यांनी डाव्या हाताने बादली ओढून तिच्यात सोडलं.

इतकी शांतता झाली की प्लंबरच्या फोनवरचा माणूस "हॅलो, हॅलो" म्हणत होता ते सगळ्यांना ऐकू आलं.

"जा, वर बघून या," सासूबाई म्हणाल्या. "मी आहे इथे."

प्लंबर, नवरा आणि आवाज ऐकून आलेले सेक्रेटरी गच्चीवर धावले. जिन्यात शिट्टी वाजली. थोड्या वेळाने तिघे खाली आले आणि कोणीच माझ्याकडे पाहीना. व्हॉल्व्हचं चाक फिरत होतं, छान फिरत होतं, पण आतली झडप केव्हाच दांडीवरून सुटलेली होती. इतकी वर्षं ते चाक नुसतंच आपल्याभोवती फिरत होतं. सेक्रेटरी म्हणाले की दर सहा महिन्यांनी ते स्वतः ते फिरवून पाहायचे आणि दरवेळी समाधानकारक फिरायचं.

मग बूच मारा, असं मी म्हटलं. प्लंबर म्हणाला, पाइप गिलाव्याच्या आत तुटलाय. आटे राहिले नाहीत, आणि लाकडाची खुंटी ठोकली तर मागचा पाइपही बसेल. मग टाकीतूनच बंद करा, मी म्हटलं. टाकीचं तोंड तळाशी आहे ताई, आणि टाकी काठोकाठ भरलेली, पाणबुड्या लागेल. समोरचे काका दारात उभे होते. जुन्या लोखंडाला हात लावू नये, ते म्हणाले. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "आता लावलाय."

एकच मार्ग उरला. टाकी रिकामी करायची. प्लंबर म्हणाला, सगळ्यांनी नळ सोडून द्या, तासाभरात मोकळी होईल.

इथे शिट्टीकाकू पुढे आल्या. त्यांच्याबद्दल मी आजवर जे काही मनात आणलं होतं ते सगळं मी त्या दिवशी परत घेतलं. त्या म्हणाल्या, टाकी रिकामी होईल, पण एक थेंब मोरीत जाणार नाही. भरलेली टाकी ओतून द्यायला आपल्याला काय वेड लागलंय? आणि त्यांनी जिन्याच्या मधोमध उभं राहून शिट्टी फुंकली. त्यांचे जुने विद्यार्थी जगात कुठेही असतील तिथे त्या क्षणी सरळ रांगेत उभे राहिले असतील, याबद्दल मला शंका नाही.

इमारतीतली प्रत्येक पोकळ वस्तू बाहेर आली. बादल्या, पातेली, कुकर, टब, डबे, फुलदाण्या. दुसऱ्या मजल्यावर कोणाचा तरी मासे पाळायचा काचेचा हौद रिकामा होता, तोही भरला. नवऱ्याने आमचं आइसक्रीमचं भांडं भरलं आणि ते अभिमानाने मला आणून दाखवलं. सेक्रेटरी गच्चीवरून टाकीत काठी घालून पाणी किती उतरलं ते ओरडून सांगत होते. एक वीत. दोन वीत. अर्धी.

मी बेसिनपाशी. मला दुसरीकडे जाववत नव्हतं. सासूबाईंचा हात दुखत असणार, तो हात दुखत असताना मी त्यांच्यासमोर कोरड्या हाताने उभी आहे, या कल्पनेने मला बसवत नव्हतं.

"आई, दुखतंय का?"

"नाही."

"आता?"

"अगं, विचारलं की दुखतं."

मी म्हटलं, मी धरते थोडा वेळ. त्या म्हणाल्या, बदलताना सुटेल. आणि एकदा सुटलं की परत बसवायला वेळ लागतो, आता पाण्याची आणि माझी ओळख झालीय. मग इन्स्पेक्टर आली आणि तिला हा नवा खेळ पाहायचा होता. ती आजीची बोटं एकेक करून उचलायला लागली. सासूबाई तिला ओरडल्या नाहीत की त्यांनी तिला दूर लोटलं नाही. त्यांनी डाव्या हाताची करंगळी तिच्यापुढे केली आणि म्हणाल्या, हे धर, घट्ट धर, सोडलंस की पाणी येईल. इन्स्पेक्टरने दोन्ही मुठींनी करंगळी पकडली. तोंड मिटून, कपाळाला आठ्या घालून, इमारतीचं सगळं पाणी तीच अडवून धरल्यासारखी. ज्या मुलीला मी कधी कशापाशी घोट पिण्याइतका वेळ बसवू शकले नव्हते, ती तशी बसून राहिली.

वरून सेक्रेटरींचा आवाज आला की पाणी चढतंय.

चढतंय म्हणजे काय, असं सगळ्या मजल्यांवरून विचारलं गेलं. चढतंय म्हणजे पाणी अर्ध्यावर उतरलं की खालचा पंप आपोआप सुरू होतो आणि टाकी भरतो. हा आपोआप पंप सेक्रेटरींनी स्वतः पाठपुरावा करून बसवून घेतला होता, आणि त्याचं उद्घाटनही झालं होतं. आम्ही वरून उपसत होतो आणि तो खालून इमानेइतबारे भरत होता. सेक्रेटरी म्हणाले, पंप बंद करायचा तर कमिटीच्या आणखी एका सभासदाची संमती लागते, तसा त्यांनीच ठराव केलेला आहे. शिट्टीकाकू म्हणाल्या, मी सभासद आहे. सेक्रेटरी म्हणाले, संमती लेखी लागते. काकूंनी शिट्टी तोंडात धरली आणि त्यांच्याकडे पाहिलं. फुंकावी लागली नाही. पंप बंद झाला.

पण टाकी परत भरली होती, आणि आता इमारतीत एकही रिकामं भांडं नव्हतं. वाया एक थेंब घालवायचा नाही, हा हुकूम कायम होता. मग धुणं सुरू झालं. आधी पडदे, मग गोधड्या. मग खालच्या सगळ्या स्कूटर आणि गाड्या. ज्या गाड्या धुतलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या त्यांचे मूळ रंग बाहेर आले, आणि एका माणसाला आपली गाडी ओळखू येईना. मुलांना रांगेत उभं करून आंघोळी घातल्या. ज्यांची सकाळी झाली होती त्यांनाही घातल्या. जिना वरपासून खालपर्यंत घासला, कुंड्यांना पाणी झालं, गच्ची झाली, फाटक झालं. समोरच्या काकांनी स्वतः आपलं दार पुसलं, कडीसकट. आमच्या मजल्यावरून खाली वाकून पाहिलं तर आख्खी इमारत निथळत होती, चमकत होती, आणि हसत होती. मी या लोकांना जिन्यात चुकवून वर येणारी बाई. माझ्या एका कॉकपायी ही सगळी माणसं शनिवारची सकाळ टाकून गोधड्या पिळत होती, आणि एकानेही मला बोल लावला नाही. दोघांनी लावला, पण हळू.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "संपलं."

गच्चीवरून काही ओरडा आलेला नव्हता. मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, जोर गेला. त्यांनी हात काढला. दुपट्यातून चार थेंब पडले आणि थांबले. हात पांढराफटक पडलेला, बोटांच्या सुरकुत्यांना आणखी सुरकुत्या, आणि तळव्याच्या मधोमध भोकाचा गोल ठसा. मी तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागले. मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, "थंड पडलाय." त्या म्हणाल्या, "चहा टाक." इन्स्पेक्टरने मात्र करंगळी सोडली नाही. तिची सुटका व्हायला दुधाची बाटली लागली.

प्लंबरने गिलावा फोडला. आतला पुढचा सांधा चांगला निघाला. त्यावर त्याने नवा तुकडा आणि नवा पितळी कॉक बसवला, अर्ध्या वळणात बंद होणारा, लांब दांडीचा. निघालेला तुकडा त्याने मला दाखवला. त्याचं लोखंड एका जागी अंड्याच्या टरफलाएवढं उरलं होतं. मी तो नवऱ्याला दाखवला, समोरच्या काकांना दाखवला, सेक्रेटरींना दाखवला, आणि दिवसभर बरोबर घेऊन फिरले. कोणीही त्यानंतर मला "उगाच काळजी करतेस" म्हटलं नाही. निदान त्या दिवशी तरी.

पंप सुरू झाला, टाकीत पाणी चढलं, आणि मग आठवलं की घरोघरचे नळ उघडेच आहेत. शिट्टी झाली, सगळे धावले, नळ बंद झाले. एक राहिला. त्या घराला कुलूप होतं आणि दाराखालून पाणी जिन्यात येत होतं. दारावरची पाटी सगळ्यांनीच वाचली. सेक्रेटरी किल्ली शोधत गच्चीवरून खाली आले आणि पाण्यातून आत गेले. जिना तेवढा एकदा जास्त धुतला गेला. त्या आठवड्यात व्हॉल्व्हच्या दुरुस्तीचा ठराव कुठल्याही चर्चेशिवाय मंजूर झाला.

सोमवार उजाडला. मी पर्स खांद्याला लावून बेसिनपाशी उभी, आणि सासूबाईंना दांडी दाखवत होते. आडवी म्हणजे बंद, पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू. त्यांनी दोनदा करून दाखवलं. मी तिसऱ्यांदा करायला सांगितलं. त्यांनी तेही केलं. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"आता मी विचारते," त्या म्हणाल्या. "समजा ऑफिसात तुझा जीव घाबरा झाला. काय करशील?"

"घरी फोन करीन."

"उचलला नाही तर?"

उत्तर होतं, पण त्यात रिक्षा होती, शेजारी होते आणि अग्निशामक दल होतं.

"हात लावायचा," त्या म्हणाल्या, "आणि थांबायचं. कोणी येईपर्यंत."

मी गेले.

माझं टेबल तेच होतं, खिडकीकडचं. कोणीतरी त्यावर कॅलेंडर ठेवलं होतं. लोकांनी विचारपूस केली, लेकीचे फोटो पाहिले. मी अकरापर्यंत धीर धरला आणि फोन लावला. घंटा वाजत राहिली. कोणी उचलला नाही. परत लावला. वाजत राहिली. डोळ्यांपुढे मोरीतला नळ आला, मग गॅस, मग गज, मग कपाटाचे पाय, सगळे क्रमाने. पर्स माझ्या खांद्यावर केव्हा आली ते मला सांगता येणार नाही.

मग मी बसले. उजवा तळहात टेबलावर ठेवला आणि दाबून धरला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले आणि दाबून धरला.

फोन वाजला. सासूबाई होत्या.

"दोनदा केलास ना? हात ओला होता म्हणून उचलला नाही."

"ओला का, आई?"

"इन्स्पेक्टरला आंघोळ घालत होते. तू काय करत होतीस?"

"काही नाही," मी म्हटलं. "थांबले होते."

मी हात उचलला. टेबल कोरडं होतं.